परतफेडीवाचून सावड
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या रत्नागिरीकडील शेतकऱ्यांस सावड ही चाल ठाऊकच आहे. तरवा लावणीस आला की आज तुम्ही सहकुटुंब माझ्या खाचरात यावे, उद्या मी मुलाबाळांसह तुमच्या खाचरात उतरावे. चाल उत्तम होय. परंतु तीत परतफेड गृहीत असते. ज्याच्याकडून काहीच परत मिळावयाचे नाही, अशाच्या शेतात मुलाबाळांसह राबावयाचे, किंबहुना त्यासाठी आपला मुलूखही सोडावयाचा, हे कोणास साधेल काय? साधते, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे.

सन १९५१ च्या जून महिन्यात बाबा आमटे व साधनाताई हे दांपत्य विकास व प्रकाश या दोन लहानग्यांस घेऊन विदर्भात वरोऱ्याजवळील खडकाळ माळावर राहावयास गेले. संगती सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा व गाठीस चौदा रुपये. सर्वांनी मिळून झुडपे तोडली, विहीर खणली, भाजीपाला पिकविला. तेच आनंदवन होय. परंतु रोगाच्या भयाने आसपासचे लोक ती भाजी विकत घेईनात.

पुढे काही वर्षांनी सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे तरुण स्वयंसेवक देशोदेशींहून तेथे आले. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले फ्रान्समधील एक खेडे उभारण्यासाठी स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल यांनी १९२० साली जे काम आरंभिले, त्यातून ही संस्था निघाली. हे तरुण रोग्यांच्या शेजारी राहिले, त्यांनी पिकविलेले अन्न जेवले, त्यांच्यासाठी इमारती बांधल्या. ते पाहून गावकऱ्यांची भीती ओसरू लागली. शेजाऱ्यांची ओळख शेजाऱ्यांस परदेशच्या पाहुण्यांनी करून दिली!

आणि त्या दोन मुलांचे काय झाले? दोघेही डॉक्टर झाले व दोघेही सेवेतच राहिले. प्रकाश यांनी पत्नी मंदाकिनी यांच्यासह, १९७३ साली हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पास आपले आयुष्य वाहिले. सेवेचा धडा त्यांस कोणी उपदेशाने दिला नव्हता. तो त्यांनी आईबापांच्या संगतीत गिरविला होता.

ज्यांस परतफेड करता येत नाही अशांस मेजवानीस बोलवावे, असे प्रभू येशूने शिकविले. श्रमासही तोच नियम लागू आहे. आपल्याकडे कित्येक घरांतील तरुण मुंबईस गेले. मागे राहिलेल्या वृद्धांची खाचरे पडीक राहतात. येत्या लावणीस प्रत्येक कुटुंबाने एक दिवस तरी अशा एखाद्या खाचरात उतरावे, मग तो शेतकरी आपल्या देवळातला असो वा नसो. मुले लहान आहेत, ही सबब नको. बांधावरून तरव्याच्या जुड्या तर ती आणून देतील!

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीने ही बुद्धी आपणां सर्वांस लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.