यंदा उरूस रविवारी येतो का?



माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. दरवर्षी त्याचा एक फोन ठरलेला असतो. इकडची तिकडची विचारपूस झाली की तो हळूच विचारतो, "अब्बा, यंदा उरूस शनिवार-रविवारी येतो का?" मी म्हणतो, "बाबा रे, उरूस चंद्राला विचारून येतो, तुझ्या कंपनीला विचारून नाही." तो हसतो, मीही हसतो. फोन ठेवल्यावर मात्र मी विचारात पडतो. कारण त्याच्या प्रश्नात वावगं काहीच नसतं. आठवडाभर राबणाऱ्या माणसाला सुटीचे दोनच दिवस मिळतात. त्याची जत्रा त्या दोन दिवसांतच बसली पाहिजे.

आमच्या मिरजेचा ख्वाजा शमना मीरासाहेबांचा उरूस मात्र तसा बसत नाही. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचं, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा 11 दिवसांनी लहान. त्यामुळे उरूस दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी पावसाच्या चिखलातून उरसाला गेलो. शाळा संपता संपता तो कडक उन्हात आला, तरुणपणी थंडीत आला. आता पन्नाशी उलटल्यावर तो पुन्हा थंडीत भेटतो आहे. माणसाचं वय मोजायची ही पद्धतही वाईट नाही.

शहरातल्या सुटीच्या दिवशीच्या महोत्सवांना मी नावं ठेवत नाही. मुंबईचा काळा घोडा महोत्सव 1999 साली सुरू झाला. फेब्रुवारीत तिकडे जावं तर रस्त्यावरच चित्रं, शिल्पं, नाच, गाणी. आर्ट गॅलरीची पायरी चढायला बुजणारा माणूस तिथं कडेवर पोर घेऊन कलाकृतीसमोर उभा राहतो. गंमत म्हणजे ज्या घोड्यावरून त्या भागाला नाव पडलं, तो सातव्या एडवर्ड राजाचा पुतळा 1965 मध्येच तिथून हलवून भायखळ्याला नेला. घोडा गेला तरी लोकांनी नाव सोडलं नाही. शेवटी 2017 साली तिथं नवा घोडा उभा राहिला, स्वार नसलेला! पुण्यातही डिसेंबर उजाडला की जत्रा, प्रदर्शनं, महोत्सव यांची रांग लागते. मुलाकडे गेलो की आम्ही सारे मिळून जातो. पिठलं-भाकरी खातो, मातीची भांडी बघतो, दोन वस्तू घेतो आणि घरी येतो.

अशाच एका प्रदर्शनात मी नातीसाठी सावंतवाडीची लाकडी फळं बघत होतो. आंबा, सीताफळ, केळी... खरी वाटावीत अशी. किंमत ऐकली आणि सवयीनं म्हणालो, "थोडं कमी करा की." गाळ्यावरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "काका, रंगाचा एक हात वाळला की त्यावर दुसरा द्यायचा असतो. त्यातला कुठला हात कमी करू, सांगा."

मी मुकाट्यानं पैसे दिले. मला शरम वाटली, आणि ती पैशांची नव्हती. मी सतारमेकरांच्या गावचा माणूस. हे मला सांगावं लागू नये.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. या घराण्यांचा मूळ धंदा शिकलगाराचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस संपत आले. मिरज संस्थानात पटवर्धनांच्या आश्रयानं गाण्याची मंडळी येऊ लागली, त्यांची वाद्यं दुरुस्तीला येऊ लागली. पोलादाची पारख असलेल्या त्या हातांनी लाकूड आणि तार हाती घेतली. तलवारीला धार लावणारी माणसं तंबोऱ्याला सूर लावू लागली. मला तर ही गोष्ट कुठल्याही कवितेपेक्षा मोठी वाटते.

तंबोऱ्याचा भोपळा हा आपल्या भाजीतला भोपळा नव्हे. तो चवीला कडू, सालीला जाड. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून तो येतो. वाळवायचा, कापायचा, भिजवून आकार द्यायचा, वर लाकडाची तबली बसवायची, दांडी जोडायची, नक्षी करायची, पॉलिश द्यायचं. हे सगळं झालं तरी वाद्य मुकंच असतं. शेवटी घोडीवर जवारी काढावी लागते. तार घोडीला किती टेकावी आणि कुठं सुटावी, हे घासून घासून ठरवायचं. केसभर जास्त घासलं तर आवाज बसतो, कमी घासलं तर तो उघडत नाही. हे मोजायला पट्टी नाही, कान लागतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला. पण त्याच वेळी तंबोरा मोबाइलमध्येही शिरलेला आहे. बोट लावलं की सूर सुरू. कारागिराच्या मुलानं हाच धंदा का करावा, हा प्रश्न मानांकनानं सुटत नाही.

ही गल्ली आणि दर्गा एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब 1872 साली उत्तरेत कैरानाला जन्मले, पण रमले मिरजेत. दर्ग्यात बसून ते गात. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत त्यांना बरं वाटेना, म्हणून ते सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर उतरले. तिथं त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, दरबारी रागात देवाची आळवणी केली आणि डोळे मिटले, असं सांगतात. त्यांची कबर मिरजेला, दर्ग्याच्याच आवारात आहे. उरसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. चिंचेच्या झाडाखाली बैठक, श्रोते जमिनीवर, तिकीट नाही. किराणा घराण्यातली केवढी मोठी माणसं इथं गाऊन गेली! ती मैफल करायला येत नसत, हजेरी लावायला येत. हजेरी हा शब्द लक्षात ठेवा, श्रोतेहो. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

माझा मुलगा पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला हौसेनं जातो. मी त्याला सांगतो, "अरे, सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचे शिष्य. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी तो महोत्सव 1953 मध्ये सुरू केला. तू तिकीट काढून ज्या नदीकाठी जातोस, तिचा उगम आपल्या चिंचेखाली आहे."

आता मानाविषयी. मिरजेच्या उरसात पहिला गलेफ चढतो तो चर्मकार समाजाचा. गावात ज्याला एके काळी शेवटच्या पंगतीत बसवलं, त्याचा इथं पहिला मान. त्यानंतर इतरांचे गलेफ. कुणी फुलांची चादर आणतो, कुणी नारळ, कुणी ऊद. प्रत्येकाचं काही ना काही ठरलेलं असतं, आणि ते पार पाडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माझ्या आईचं काम होतं गल्लीतल्या घराघरांत मलिदा पोहोचवायचा. ताप असला तरी ती उठायची. म्हणायची, "लोक वाट बघत असतील."

याचा अर्थ मला फार उशिरा कळला. 2009 च्या गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली. संचारबंदी लागली. ज्या रस्त्यांवरून आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांच्या मिरवणुका बघितल्या, त्या रस्त्यांवर पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. दिवस गेले, दुकानं उघडली, पण माणसं एकमेकांशी जपून बोलू लागली. बोलण्यातलं ते जपणं मला दगडांपेक्षा जास्त लागलं. पुढचा उरूस आला तेव्हा, खरं सांगतो, संगीत सभेला जायचा माझा धीर होईना. रात्रीची वेळ, गर्दीचं ठिकाण, कशाला उगाच? मी घरात पेपर वाचत बसलो.

नऊच्या सुमाराला दार वाजलं. शेजारचे काका, रेल्वेतून निवृत्त झालेले. खांद्यावर शाल, हातात नारळ. म्हणाले, "काय भाई, अजून कपडे नाहीत केले? चला की, पुढची जागा जाईल."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी दंगलीचा विषय काढला नाही. सलोखा, एकोपा असले शब्द त्यांच्या तोंडी आले नाहीत. त्यांचा नारळ दरवर्षी असतो, म्हणून त्या वर्षीही होता, एवढंच. मी कपडे बदलले आणि निघालो. चिंचेखाली नेहमीपेक्षा गर्दी कमी होती, पण नेहमीची बरीच माणसं होती. काहींनी नजरेनंच ओळख दिली. तंबोरे जुळले. गाणं सुरू झालं.

त्या रात्री मला उमगलं की उरूस ही आमच्यासाठी करमणूक असती तर आम्ही दोघंही घरीच बसलो असतो. करमणूक पुढे ढकलता येते. हजेरी पुढे ढकलता येत नाही. ज्याच्यावर काही सोपवलेलं असतं, तो भीती वाटली तरी येतो. आणि माणसं आली, की गाव पुन्हा गाव होतं. पुढे नवरात्रात अंबाबाईच्या देवळातल्या संगीत महोत्सवाची वेळ आली तेव्हा मी काकांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "चला की, पुढची जागा जाईल." ते हसले. पुढे काका गेले तोवर आमचा हा येण्याजाण्याचा हिशेब चुकला नाही.

मध्यंतरी एका वर्षी मुलाच्या मनासारखं झालं. संगीत सभेची एक रात्र शनिवारी आली. मुलगा, सून, नात, सगळे आले. सकाळी मी त्यांना सतारमेकर गल्लीत नेलं. एक कारागीर जवारी काढत होते. जरा घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचं. माझ्या नातीनं विचारलं, "हे कधी होणार?" ते म्हणाले, "बेटा, हे वाद्य सांगेल तेव्हा." ती तिथं अर्धा तास बसली. मोबाइल मागितला नाही.

रात्री चिंचेखाली गेलो. थंडी होती. नात मांडीवर झोपली. बारा वाजले, एक वाजला. मुलगा घड्याळ बघू लागला. रविवारी दुपारी निघायचं होतं. नामवंतांचं गाणं झालं आणि नेहमीप्रमाणं माणसं उठू लागली. समोर एक कोवळा मुलगा तंबोरा जुळवत बसला होता. आवाज अजून पिकला नव्हता. उठणाऱ्या माणसांकडे तो चोरून बघत होता.

मुलानं हळूच विचारलं, "अब्बा, इथं सगळ्यांचा काही ना काही मान असतो. आपला कोणता?"

मी कवी माणूस, पण पटकन उत्तर सुचेना. मग म्हणालो, "आपण ऐकणारे. शेवटचा गाणारा उठेपर्यंत बसायचं, एवढाच आपला मान."

तो काही बोलला नाही. चप्पल घालायला पुढे केलेला पाय त्यानं मागे घेतला आणि नातीच्या अंगावर शाल ओढली. तो कोवळा मुलगा गायला. दोन-तीन ठिकाणी चुकला असेल, पण अखेरीस एक जागा त्याला अशी सापडली की समोरच्या पंधरा-वीस माणसांच्या तोंडून एकदम 'वाह' निघालं. त्या पंधरा-वीस जणांत माझा मुलगा होता.

श्रोतेहो, प्रत्येक जत्रा चंद्रावर चालावी, असं माझं म्हणणं नाही. रविवारी भरणाऱ्या महोत्सवांनाही जा, जरूर जा. पण नुसते फिरून येऊ नका. तुमच्या जवळच्या गावी उरूस असेल, देवीची जत्रा असेल, चर्चची फेस्त असेल, तर तिथं पहिला मान कुणाचा, हे विचारा. त्या गावाचा निम्मा इतिहास त्या उत्तरात मिळेल. गाळ्यावर एखादी वस्तू आवडली तर किंमत विचारण्याआधी ती कशी करतात, ते विचारा. मग घासाघीस करायला जीभ रेटत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. आणि कुणी नवखा गात असेल, नाचत असेल, तर त्याचं पुरं होईपर्यंत थांबा. शेजाऱ्याच्या जत्रेला एकदा जा, दुसऱ्या वर्षी पुन्हा जा. तिसऱ्या वर्षी तो तुमची वाट बघेल. वाट बघणारं कुणी असलं, की त्या जत्रेत तुमचाही मान तयार झाला असं समजा.

त्यानंतरच्या वर्षी उरूस पुन्हा आडवारीच आला. मुलाला रजा मिळाली नाही. मला वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. पहाटे घरी परतलो, चहा ठेवला, तेवढ्यात फोन वाजला. एवढ्या पहाटे पुण्यात तो जागा होता.

म्हणाला, "अब्बा, शेवटी कोण गायलं?"