वहीत एक रकाना तासांचा

दुपारची भांडी आवरून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर शेंगा फोडायला घेतल्या असतील. हात चालू द्या, कान इकडे असू द्या.

'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आता कुठल्या प्रशिक्षणाला गेलं की तेच नव्या शब्दांत सांगतात, नुसतं हार्डवर्क नको, स्मार्टवर्क करा. ऐकायला बरं वाटतं. पण आम्हाला त्यातलं एक खटकतं. बाईकडे कष्ट आहेत आणि युक्ती नाही, असं सांगणाऱ्याने धरलेलं असतं. चुलीवर भाकरी, वैलावर कालवण, मध्येच पोरीची वेणी आणि जाता जाता म्हशीला पाणी, हे युक्तीशिवाय होतं का? युक्ती आपल्याकडे आहेच. आपण राबलो ते तास मात्र कुठल्याच वहीत नसतात.

केंद्र सरकारने २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांची ९७ मिनिटं. तीही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच. न लावणारे त्या सरासरीत धरलेले नाहीत!

आता गटाच्या धंद्याकडे येऊ. उदाहरणाला उडदाचे पापड घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. दहा किलो पापडाला डाळ, दळण, पापडखार, मिरी, तेल, पिशव्या आणि बाजाराचं गाडीभाडं मिळून २००० रुपये गेले. २६० रुपये किलोने विकले, २६०० आले. गटात सगळ्या म्हणतात, ६०० रुपये नफा झाला. आता तास मोजा. चार बाया, दोन दिवस, रोज पाच तास, म्हणजे ४० तास. सहाशेला चाळीसने भागा. तासाला १५ रुपये. आठ तासांचे १२०. तुमच्या गावातल्या निंदणीच्या रोजाशी हे ताडून बघा. तो नफा नाही, ती मजुरी आहे, आणि तीही अपुरी.

मग करायचं काय? आधी मजुरीचा भाव ठरवायचा, मग मालाचा. समजा तासाला ४० रुपये धरले, तर ४० तासांचे १६०० झाले आणि दहा किलोचा खर्च ३६००. किलोला ३६० भाव सांगितला तर गिऱ्हाईक पुढे जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून तासांकडे वळायचं. पापडाच्या कामात सगळ्यात जास्त वेळ लाटण्यात जातो असं वाटतं. पण पीठ कुटणं, थोडं थोडं सामान आणायला तीन-तीन हेलपाटे, गिरणीत ताटकळणं, एकीला यायला उशीर म्हणून बाकीच्या बसून, हे मोजायला लागलं की कळतं. डाळ एकदम घेतली, बाजाराला आळीपाळीने एकीच गेली, कुटायची सोय केली आणि रोजचे पाच तास तीनवर आले, तर २४ तास होतात. मजुरी ९६०, खर्च २९६०. आता किलोला २९६ पडतात. ३०० रुपये भाव धीराने सांगता येतो.

लिज्जत पापडाचं नाव घराघरात आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर ते काम सुरू केलं. आपल्याला त्यातून घेण्यासारखी आहे ती कामाची वाटणी. पीठ केंद्रावर एकत्र मळायचं, बायांनी ते घरी नेऊन लाटायचं, पापड परत आणून द्यायचे आणि लाटणावळ किलोवर घ्यायची. त्या भावात बाईची मजुरी आधीच धरलेली असते.

यंत्राचं मात्र जपून. यंत्र आलं की आपण शहाण्या झालो असं होत नाही. पापडाचा हंगाम तीन महिन्यांचा आणि बँकेचा हप्ता बारा महिन्यांचा, मग उरलेले नऊ महिने यंत्र कशावर चालवणार ते आधी ठरवा. वीज किती तास असते तेही. कधी स्वस्त वस्तू जास्त कामाची ठरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला वैभव विळा बघा. दातेरी आहे, हलका आहे, सारखी धार लावावी लागत नाही, कापणीला मनगटाला कमी झटके बसतात. गटाने चार घेतले तरी आळीपाळीने वापरता येतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला बोलायचीच आहे. वाचलेला तास कुणाचा? नळ दारात आला, पाण्याची खेप वाचली, त्या जागी शेळ्या आल्या. गॅस आला, सरपण वाचलं, त्या जागी आणखी एक शिलाई आली. पैसा आला हे चांगलंच, पण पाठ तीच आहे. वाचलेल्या तासातला थोडा निजायला, गटाच्या बैठकीला वेळेवर यायला, दवाखान्यात लांबवलेली तपासणी करायला ठेवायचा, हे घरात मोठ्याने बोलावं लागतं. बोलल्याशिवाय सासूबाईंना कळत नाही, नवऱ्याला तर नाहीच.

गटाच्या पंचसूत्रीत हिशोब लिहिणं आहेच. येत्या बैठकीत वहीत रुपयांशेजारी तासांचा एक रकाना आखा. प्रत्येकीने आठवडाभर आपले तास मांडायचे. जिला लिहिता येत नाही तिने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने तासाला एक रेघ ओढावी, शनिवारी पोरीकडून मोजून घ्यावी. घरात कुणी विचारलं की या रेघा कसल्या, तर सांगून टाका.