उस्ताद एकच, मशीन दोन



बियाणे आणि लोखंडी सळया यांवर चालणाऱ्या या शहरात धंदा काय असतो हे मी सांगायला नको. ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ हा मोठ्या कंपन्यांचा शब्द; अर्थ साधा, धंद्याचा नकाशा. अमेरिकेतले जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये मांडायला घेतलेला हा नकाशा पुढे सहा प्रश्नांवर आला : काय, कसे, कुठे, कोण, कधी, कशासाठी.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यातच महिको सुरू केली. बियाणे शेतकऱ्यांच्या शेतात करारावर पिकवून घ्यायचे. कोणते वाण, कोणाचे शेत, पेरणी कधी, तपासणी कोणाची? हे एका डोक्यात मावणारे नव्हतेच.

आपल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात मात्र भाव उस्तादला ठाऊक, उधारीही त्याच्याच लक्षात. दुसरे मशीन येते, पण उस्ताद एकच. तो आठ दिवस आजारी पडला की शटर खाली. घरी हिशेब ठेवणाऱ्या बाईचे नाव तर कुठेच नसते.

आणि यात पैसा बुडतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. पण उद्यम नोंदणी नाही, बिल नाही, माल पोचल्याची सही नाही, तर मागणार कशाच्या जोरावर? ही नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका.

समोर कोरे कागद ठेवले आहेत. ‘कोण’ या रकान्यापासून सुरू करू.