घसा दुखतो, पण कशानें?

पावसाची झड लागली कीं घरोघरीं कोणाचा ना कोणाचा घसा धरतो. आवंढा गिळवत नाहीं, अंग कसकसतें, आणि कपाटांत उरलेल्या जुन्या गोळ्यांकडे हात जातो. पण औषधाच्या आधीं निदान हवें.

प्रौढांचा घसा दुखण्यास बहुधा विषाणु कारण असतात, आणि त्यांवर जंतुनाशक औषधाची मात्रा मुळींच चालत नाहीं. स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा दोष शंभरांत सुमारें ५ ते १५ जणांतच आढळतो. हे थोडे लोक निवडावे कसे?

१९८१ सालीं अमेरिकेंत डॉ. रॉबर्ट सेंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रौढ रोग्यांची पाहणी करून चार प्रश्न ठरविले. ताप आहे अगर येऊन गेला काय? टॉन्सिलांवर पुवाचे पांढरट थर आहेत काय? गळ्याच्या पुढील बाजूच्या गांठी सुजून दाबल्यास दुखतात काय? आणि खोकला नाहीं ना? प्रत्येक होकारास एक गुण. शेवटचा प्रश्न मोठा मार्मिक आहे. कारण खोकला ही बहुधा विषाणूची खूण होय. त्यांच्या हिशेबानें चार गुणांस जंतूची शक्यता शेंकडा सुमारें ५६, तिहींस ३२, दोहोंस १५, एकास ६ ते ७, आणि शून्यास अवघी २ ते ३ ठरली. पुढें १९९८ सालीं कॅनडांतील डॉ. मॅकआयझॅक यांनीं वयाचाही विचार केला. पंचेचाळिशी गांठलेल्यांचा एक गुण वजा होतो.

यावरून दिसेल कीं, चारी गुण मिळाले तरी जवळजवळ निम्मे रोगी या जंतूपासून मुक्तच असतात. म्हणून गुण अधिक असल्यास डॉक्टर घशांतील स्राव तपासवितात. शून्य अगर एक गुण असल्यास विश्रांति, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या व वेदनाशामक औषध बहुधा पुरे होतें.

चूक दोन्हीकडे महाग पडते. खरा जंतुदोष दुर्लक्षिला तर क्वचित् संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. हें भय मुलांस अधिक. म्हणून त्यांस प्रौढांचें माप लावूं नये. उलट, औषध नाहक घेतल्यानें जंतु त्यास दाद देईनासे होतात, आणि खऱ्या प्रसंगीं तेंच औषध निकामी ठरतें.

मात्र श्वास कोंडणें, तोंड न उघडणें, लाळही न गिळवणें, अशीं लक्षणें दिसतांच गुण मोजीत बसूं नये. तडक रुग्णालय गांठावें. इतर वेळीं हे चार प्रश्न घरच्या माणसांनीं ध्यानांत ठेवावे. त्यांचीं उत्तरें घेऊन डॉक्टरांकडे जाणारा रोगी निदानाचें अर्धें काम सोपें करतो.