अडुळसा आणि शास्त्राची कसोटी

कोकणात आणि गोव्यात कुंपणाच्या कडेला अडुळशाचे झुडूप सहज दृष्टीस पडते. शेळी त्याला तोंड लावीत नाही. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘अधातोडा’ हा शब्दही त्याच अर्थाच्या द्राविडी शब्दावरून आलेला आहे. आयुर्वेदाने मात्र ‘वासा’ या नावाने खोकला व दमा यांवरील औषधांत त्याला मानाचे स्थान दिले आणि पानांचा रस मधातून देण्याची रीत घरोघर रूढ झाली.

या विश्वासाला आधार कितपत आहे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पानांतून ‘व्हॅसिसीन’ हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमीन व मेहता यांनी याच वनस्पतीतील ‘व्हॅसिसिनोन’ श्वासनलिका रुंदावते, असे प्रसिद्ध केले. व्हॅसिसीनच्या रचनेवरूनच जर्मनीत ‘ब्रोमहेक्सिन’ हे कफ पातळ करणारे औषध सिद्ध झाले व १९६३ मध्ये ते प्रचारात आले. शरीरात त्यापासून होणारे ‘अँब्रॉक्सॉल’ही आज स्वतंत्रपणे वापरले जाते.

तथापि येथेच तर्क घसरण्याचा संभव असतो. गोळीतील औषध मोजलेले असते. काढ्यात किती द्रव्य उतरले, हे कोणास ठाऊक? शिवाय साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो आणि श्रेय मात्र अखेरच्या घोटाला मिळते. म्हणूनच रोग्यांचे दोन गट करून, एकास औषध व दुसऱ्यास औषधासारखे दिसणारे निर्गुण द्रव्य देऊन तुलना करावी लागते. अडुळशाच्या अशा चाचण्या थोड्या व लहान आहेत. काहींत तर इतर वनस्पतींचे मिश्रण होते. तात्पर्य, आशेला आधार आहे. सिद्धता अजून अपुरी आहे.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समजही सोडावयास हवा. व्हॅसिसीनने गर्भाशयाचे आकुंचन होते. म्हणून गर्भवतीने अडुळसा घेऊ नये. वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये. आणि खोकणाऱ्या मुलाचा श्वास मोजावा : दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बालकाचा मिनिटास ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक भरल्यास, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास, तो न्यूमोनिया असू शकतो. दोन महिन्यांहून लहान अर्भकाच्या बाबतीत तर मोजणीसाठीही थांबू नये. अशा वेळी काढा उकळण्यात घालविलेली घटका महाग पडते. मुलाला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.