पटावर बारा

शेवगावपासून आत, कपाशी-उसाच्या रानात एक वस्ती आहे. पंचवीस-तीस घरं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून बारा मुलं. गेल्या पावसाळ्यात गुरुजींनी मला कविता म्हणायला बोलावलं. कवीला सहसा कुणी बोलावत नाही, म्हणून मी लगेच गेलो.

2000 सालच्या सुमारास शासनानं वस्तीशाळा काढल्या, तेव्हाची ही शाळा. गावातलाच शिकलेला पोरगा हजार रुपये मानधनावर लिंबाखाली शिकवायचा. शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली आला, पुढं वस्तीशाळांच्या नियमित शाळा झाल्या. आता दोन खोल्या आहेत. पण दसरा-दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि वर्ग निम्मा होतो. आजी असेल त्याचं पोर राहतं.

2023 साली शासनानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा सुमारे 15 हजार. सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. चौथीत इथं एकच मुलगी आहे; तिनं भांडावं कुणाशी, पुढं जावं कुणाच्या? एका बाईंना विचारलं, मोठ्या शाळेला गाडी मिळाली तर? त्या म्हणाल्या, “दादा, ओढ्याला पाणी आलं की दूधवाला येत नाही. गाडी कुठनं येणार?”

चौथीतल्या त्या मुलीनं मला विचारलं, “तुम्ही मुसलमान ना? मग मराठीत कसं लिहिता?”

गुरुजी ओशाळले. मला मात्र प्रश्न आवडला. आमच्या घरात दखनी बोलत. मराठी मला अशाच दोन खोल्यांच्या शाळेनं दिली, घरापासून हाकेच्या अंतरावर. ती तीन-चार किलोमीटर लांब असती तर अम्मीनं मला धाडलं असतं. माझ्या बहिणीला नसतं. आज माझी प्रत्येक कविता आधी आपा वाचते आणि व्याकरणाच्या चुका काढते. मुलीला मी एवढंच सांगितलं.

निघताना गुरुजींनी शेरेबुक पुढं केलं. मी लिहिलं : पट बारा, हजर अकरा. बारावी शेळ्यांमागं गेली होती. मी गाडीला किक मारतोय तोवर ती पळत आली, हातात काठी तशीच. मी गाडी बंद केली आणि कविता पुन्हा म्हटली.