हिमप्रदेशातील पोलादी घर

बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात ज्या उंच इमारती उभ्या आहेत, त्यांच्या भिंतींना निसर्गाने फारसे कष्ट दिलेले नाहीत. पाऊस अडवावा, दुपारचे ऊन अडवावे, एवढे केले की भिंतीचे कर्तव्य संपते. रात्रीची थंडी शालीवर भागते. अशा सौम्य हवेत वाढलेल्या स्थापत्यविशारदाला लेह किंवा द्रासमधील वसतिगृहाचा आराखडा काढावयास सांगितले, तर अंगवळणी पडलेली सवयच त्याला प्रथम दगा देते. आपल्याकडे घर म्हणजे आडोसा. तेथे घर म्हणजे प्राणरक्षण. हा भेद ध्यानात घेऊन, कारखान्यात घडविलेल्या पोलादी सांगाड्याच्या तावदानांनी हिमप्रदेशात घरे कशी उभारतात, याचा आज थोडा विचार करू.

तयार तावदानेच का, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर सिमेंटच्या स्वभावात आहे. सिमेंटला बळ येते ते पाण्याशी होणाऱ्या संयोगाने. तपमान पाच अंशांच्या खाली गेले की ही क्रिया मंदावते. आणि ओल्या काँक्रीटमधील पाणी गोठले, तर ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगून कोवळ्या काँक्रीटला आतूनच फोडते. शिवाय बांधकामाचा हंगाम अवघ्या काही महिन्यांचा. तेव्हा ओले काम मैदानात उरकावे आणि बर्फात केवळ जोडकाम करावे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

या मार्गावर आपल्या देशाने बरेच अंतर कापले आहे, आणि त्याचा आरंभ गोव्याच्या किनाऱ्यावरून झाला. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरच्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. त्याच मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र तयार भागांतून उभारले. पण त्याचा पाया हिमस्तरावर होता. वाऱ्याने आणलेला बर्फ भोवती साचत गेला, केंद्र त्यात गाडले जाऊ लागले, आणि १९९० मध्ये ते सोडावे लागले.

हा धडा वाया गेला नाही. १९८९ मध्ये सुरू झालेले ‘मैत्री’ केंद्र खडकावर, जमिनीपासून उचलून, खांबांवर उभे केले. मार्च २०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’ तर १३४ पोलादी मालपेट्या एकमेकींना जोडून केलेले आहे. या पेट्यांवर उष्णतारोधक धातूचे कवच चढविले असून सारी वास्तू पोलादी पायांवर तोलली आहे. खालची मोकळी जागा शोभेसाठी नव्हे. त्या पोकळीतून वारा सुसाटत जातो आणि आणलेला बर्फ आपणच झाडून नेतो. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या केंद्रांचा कारभार पाहते.

आता पोलादाच्या दोषाकडे वळू. पोलाद बळकट, सरळ आणि वाळवीला न भिणारे आहे. परंतु उष्णतेच्या बाबतीत ते फार उधळे आहे. लाकडापेक्षा साधे पोलाद उष्णता तीनशे-चारशे पट अधिक वाहून नेते आणि खनिज लोकरीपेक्षा हजार पटींहूनही अधिक. सांगाड्याच्या दोन उभ्यांमध्ये लोकर ठासून भरली म्हणजे भिंत उबदार झाली, असा समज सहज होतो. तो खोटा आहे. प्रत्येक उभी पट्टी आतली ऊब बाहेर नेणारा पूल बनते, आणि त्या लोकरीचा जवळजवळ निम्मा गुण व्यर्थ जातो. म्हणून सांगाड्याच्या बाहेरून उष्णतारोधक थर सलग, कोठेही न तोडता, पांघरावा लागतो.

दुसरा शत्रू आपल्याच श्वासातून येतो. खोलीत वीस अंश तपमान आणि पन्नास टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा नऊ अंशांच्या पृष्ठभागाला लागताच दव सोडू लागते. ही हवा फटींतून शिरून थंड पोलादापर्यंत पोहोचली, की भिंतीच्या पोटात हिम जमते. वसंतात ते वितळते, लोकर भिजते, पोलाद गंजते, आणि वरून भिंत मात्र ठाकठीक दिसत राहते. यासाठी बाष्परोधक पडदा भिंतीच्या उबदार, म्हणजे आतल्या, अंगाला घालावयाचा असतो. तो बाहेरच्या बाजूस गेला, तर रोगच औषध म्हणून दिल्यासारखे होते.

तिसरी गोष्ट जिवावरची आहे. घर जितके बंदिस्त, तितकी आतील बुखारी अधिक घातक. अपुऱ्या हवेत जळणारे रॉकेल किंवा कोळसा कार्बन मोनॉक्साईड निर्माण करतो. त्याला ना वास, ना रंग. झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून धुराड्याची वाट आणि ताज्या हवेची वाट या दोन्ही आराखड्यातच असावयास हव्यात; पहारेकऱ्याच्या मर्जीवर सोडावयाच्या नव्हेत.

एवढे सांगितल्यावर लडाखच्या जुन्या मातीच्या घरांचा गौरवही केला पाहिजे. त्यांच्या जाड भिंती दिवसाचे ऊन साठवून रात्री परत देतात. हलके पोलादी तावदान असे काही साठवीत नाही. इंधन संपले की खोली लवकर गार पडते. तेव्हा पोलादी घरालाही दक्षिणेकडे खिडक्या आणि आत जड जमीन द्यावी. नव्याने जुन्याकडून इतके शिकण्यात कमीपणा नाही.

मैदानात भोक चुकले, तर गवंडी किंवा लोहार ते तेथेच सुधारतो. हिमप्रदेशात, जाड हातमोज्यांनी बोल्ट फिरविणाऱ्या कामगाराला ती सवलत नाही. त्याची थंडी आणि त्याचा धोका आराखडा काढणाराच ठरवीत असतो. म्हणून सारे घर एकदा मैदानात जोडून पाहावे, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालावा, मग ते उकलून वर पाठवावे. या सरावाला काही दिवस लागतात. तो टाळला, तर पुढल्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहावी लागते, आणि मध्ये हिवाळा असतो.